रात्रपाळी माणसाशिवाय : सीएनसी एकटी सोडायची तर सुरुवात कुठून करायची?

गाळा_नंबर_सात

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. चार सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन). मुख्य कामं दोन. एक म्हणजे ईएन८ (मध्यम कार्बन स्टील) ब्राइट बारमधून ३२ मिमी व्यासाची पिन, लांबी ४५ मिमी, एका व्यासावर २० मायक्रॉन टॉलरन्स, टोकाला थ्रेड, सायकल (एका पीसला लागणारा वेळ) बरोब्बर दोन मिनिटं. दुसरं फोर्जिंगचं फ्लँज, दोन सेटअप, पहिला ४० सेकंद आणि दुसरा ५५. दोन्ही माल चाकणच्या टियर-वनला (मोठ्या कंपनीला थेट माल देणारा सप्लायर) जातो.

अडचण अशी की रात्रपाळीला माणूस टिकत नाही. येतो, शिकतो, सणाला गावी जातो आणि फोन बंद. जो राहतो तो एकटा चार मशीन बघतो, पहाटे तीन ते पाच काय होतं ते सकाळी रिजेक्शनच्या क्रेटमध्ये दिसतं. कस्टमर म्हणतोय शेड्यूल दीडपट करा, गाळ्यात नवीन मशीनला जागा नाही. मग म्हटलं आहेत तीच मशीन रात्री माणसाशिवाय चालवू.

एक सेल्सवाला कोबॉटचं (माणसाशेजारी चालणारा रोबो) कोटेशन देऊन गेलाय, व्हिडिओ दाखवला, व्हिडिओत सगळं मस्तच चालतं. वडील म्हणतात मशीन एकटं सोडून तुला घरी झोप लागणार आहे का. कोणी प्रत्यक्ष केलंय का हे? कोबॉट, बार फीडर (मशीनला आपोआप बार पुरवणारा) की गॅन्ट्री (मशीनच्या वरच्या रुळावरून पीस उचलून ठेवणारा लोडर)? बजेट आहे पण एकदाच मारता येईल असं आहे.

शिरोलीचा_स्पिंडल

भावा ते कोटेशन आधी ड्रॉवरमध्ये ठेव. रोबो ही शेवटी घ्यायची वस्तू हाय, पहिली न्हवं.

आधी मला एवढंच सांग, पिनेच्या कामात कुठला टूल किती पीस चालतोय? रफिंग किती, फिनिशिंग किती, थ्रेडिंग किती, पार्ट-ऑफ (पीस बारमधून कापून वेगळा करणारा) किती. अंदाजे नको, ऑपरेटर इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कार्बाइडचा तुकडा) कधी फिरवतो ते शीटवर लिहिलेलं असलं तर ते टाक. आणि टरेट (टूल बसवायचं फिरतं डोकं) आठ स्टेशनचा का बाराचा?

गाळा_नंबर_सात

शीट आहे दादा. रफिंग १५० पीसला कॉर्नर (इन्सर्टची एक धार) बदलतो, फिनिशिंग १२०, पार्ट-ऑफ २००, थ्रेडिंग २५० च्या आसपास. सेंटर ड्रिल बरंच चालतं, आठवड्याला एखादं. दोन मशीनला टरेट ८ चा, दोनला १२ चा.

शिरोलीचा_स्पिंडल

झालं की मग, आता रात्र किती लांब हाय ते मोजू.

रात्री १० ला माणूस गेला, सकाळी ७ ला आला. नऊ तास, दोन मिनिटांची सायकल, २७० पीस. बार तीन मीटरचा धर, शेवटचा दीडशेचा तुकडा वाया, राहिला २८५०. पीस ४५ आणि पार्ट-ऑफ फेसिंगला तीन, म्हणजे ४८. एका बारमधून ५९ पीस. २७० ला पाच बार लागतात. कुठलाबी मॅगझिन बार फीडर पाच बार आरामात घेतोय. म्हणजे मटेरियलची काळजी संपली, एवढ्यावरच सेल्सवाला तुला चोवीस तास म्हणून विकणार.

आता टूल. फिनिशिंग १२० ला जातोय म्हणजे रात्रीत तीन लागतात. रफिंग दोन, पार्ट-ऑफ दोन, थ्रेडिंग दोन, ड्रिल एक. दहा. बार स्टॉपर धरला तर अकरा. १२ च्या टरेटवर बसतंय, ८ च्या टरेटवर रात्र पहाटे साधारण पावणेपाचला संपतीय, मग तू बार किती लाव नाहीतर रोबो किती लाव.

म्हणून सांगतोय, रात्र किती लांब हे ठरवतो इन्सर्टचा कॉर्नर. सगळ्यात आधी मरणारा टूल कुठला ते बघायचं, त्याचं आयुष्य वाढवायचं, मग त्याच्या पुढचा. पैसा तिथं घाल पहिला.

टेलरचा_नातू

स्पिंडल दादांच्या हिशोबात एक गोष्ट घाला, रात्री स्पीड कमी करा. दिवसा माणूस पगारावर उभा असतो म्हणून आपण सायकल सेकंदा-सेकंदाने कापतो, तोच प्रोग्राम रात्री जसाच्या तसा चालवायची काय गरज?

टेलरचं टूल लाइफचं समीकरण (स्पीड बदलला की टूलचं आयुष्य किती बदलतं ते सांगणारं), शंभर वर्षांहून जुनं, डिप्लोमाला सगळ्यांनी घोकलेलं. कार्बाइडला घातांक साधारण पाव धरतात, म्हणजे कटिंग स्पीड १० टक्के कमी केला तर आयुष्य दीडपट आणि १५ टक्के कमी केला तर जवळपास दुप्पट. प्रत्येक पीसला कटिंगचा वेळ थोडा वाढतो ते धरून तुमचा १२० वाला फिनिशिंग १६५ च्या आसपास गेला की तीनच्या जागी दोन कॉर्नर पुरले, एक स्टेशन मोकळं. सायकल वाढणार सात-आठ सेकंद, कारण सायकलमध्ये इंडेक्सिंग, रॅपिड, बार फीडिंग पण असतं. नऊ तासात पंधरा-सोळा पीस कमी निघतील. चालतंय की.

फक्त एवढं बघा की स्पीड खूप खाली नेला तर ईएन८ मध्ये बिल्ट-अप एज येतं (धारेवर मटेरियल चिकटून बसतं) आणि फिनिश बिघडतो. फीडला (एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं) उगाच हात लावू नका, का ते चिपवाले (चिप म्हणजे कापताना निघणारी धातूची साल) सांगतीलच.

बर्डनेस्ट

आलो, मला हाक मारलीच आहे तर 😄

रात्री मशीन थांबायचं एक नंबर कारण चिप, टूल झिजणं त्याच्यानंतर. फिनिशिंगला डेप्थ पाव मिमी आणि फीड कमी ठेवला की लांबच लांब स्प्रिंगसारखी चिप निघते, जॉबला गुंडाळते, चकवर गोळा होतो. दिवसा ऑपरेटर हुकने ओढून काढतो, त्याला ते काम आहे असं वाटतही नाही इतकी सवय झालेली असते. रात्री तो हुकवाला हात नाही. पुढचा पीस त्या गोळ्यासकट फिरतो, पार्ट कॅचर अडकतो, नाहीतर कूलंटचा नोझल वाकतो.

म्हणून स्पीड कमी करा पण फीड उलट थोडा वाढवून बघा, चिप तुटायला जाडी लागते. फिनिशिंगला योग्य चिप ब्रेकरचा इन्सर्ट घ्या, नोज रेडियसपेक्षा फार कमी डेप्थ ठेवू नका. मटेरियल अवघड असेल, एसएस ३०४ वगैरे, तर ७० बारचा हाय प्रेशर कूलंट हा चैनीचा प्रकार राहत नाही. ईएन८ ला बहुतेक वेळा त्याच्याशिवाय जमतं.

एक टेस्ट सांगतो, फुकट आहे. दिवसा पाळी चालू असताना मशीनचा दरवाजा चार तास उघडायचा नाही, ऑपरेटरने फक्त काचेतून बघायचं आणि जेव्हा जेव्हा हात घालावासा वाटेल तेव्हा वहीत लिहायचं. ती वही हाच तुमचा ऑटोमेशनचा प्रोजेक्ट रिपोर्ट.

सेटर_तीन_मशीन

मी ऑपरेटर होतो आता सेटर आहे, वाळूजला. वर बर्डनेस्ट भाऊंनी वहीचं सांगितलं ते पटलं पण वहीत सगळं येणार नाही. इन्सर्ट घासला की आवाज बदलतो, तो आम्ही चहा पिता पिता ऐकतो, मान वर करतो आणि ऑफसेटला दोन मायक्रॉन देतो आणि परत चहा. हे कुठे लिहिणार. कूलंटचा वास, चिपचा रंग निळा झाला का, चक दाबताना आवाज कसा आला, बार फीडरचा खडखडाट वाढला का. हे सगळं माणूस करतो पण त्याला पगार मिळतो तो बटण दाबायचा.

मालक लोकांना एकच विनंती, ऑटोमेशन करा पण त्या माणसाला आधी विचारा आणि त्यालाच त्याच्यावर घ्या. रोबो आल्यावर बाहेरचा इंजिनियर येतो, चार दिवस राहतो आणि जातो, नंतर पहाटे अलार्म आला तर उठवतात आम्हालाच.

गाळा_नंबर_सात

@सेटर_तीन_मशीन दादा तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या सेटरला दाखवला, तो म्हणाला "हे मीच लिहिलंय असं वाटतंय". त्याला पहिल्यापासून सोबत घेतोय, कोणाला काढायचं मनात नाहीये. मुळात रात्रीला माणूस मिळतच नाही हाच तर प्रश्न आहे.

आवाजाचं मशीनला कसं कळवायचं? स्पिंडल लोड मॉनिटरिंग म्हणतात ते घ्यावं का?

शिरोलीचा_स्पिंडल

लोड मॉनिटर रफिंगला चांगला, मोठ्या ड्रिलला चांगला. तीन मिमीचं ड्रिल तुटलं तर स्पिंडलला पत्ताबी लागत न्हाई, लोडची सुई हलत न्हाई. बारीक टूलला तुटलंय का बघणारा वेगळा सेन्सर लागतो, टच नाहीतर लेझर. तुझ्या पिनेत सेंटर ड्रिल सोडलं तर बारीक काही न्हाई, त्यामुळं लोडवर बरंच भागतंय.

टूल लाइफ मॅनेजमेंटचं ऑप्शन कंट्रोलरला चालू हाय का बघ. नसलं तर मॅक्रोत काउंटर लिही, सोपं हाय, इतके पीस झाले की पुढच्या सिस्टर टूलवर (त्याच कामाचा जादा टूल) जायचं आणि सगळे संपले की #३००० ने अलार्म देऊन थांबायचं. एक लक्षात ठेव, फॅनक कंट्रोलरमध्ये #१०० पासूनची व्हेरिएबल लाइट गेली की पुसली जातात, #५०० पासूनची राहतात. काउंटर #५०० च्या घरात ठेव. पावसाळ्यात लाइट दोनदा गेली आणि काउंटर शून्यावर आला तर मेलेल्या इन्सर्टला मशीन नवीन समजून चालवत राहतंय.

मायक्रॉनताई

क्वालिटीच्या बाजूने लिहिते (नाशिक, सातपूर). सगळे टूल आणि चिपवर बोलताय पण २० मायक्रॉन रात्री कोण मोजणार?

आधी तापमान. स्टील मीटरला एका डिग्रीला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३२ व्यासाच्या पिनेला दहा डिग्री फरक म्हणजे जेमतेम चार मायक्रॉन, ते चालेल. पण बॉलस्क्रू, हेडस्टॉक, बेड, हे सगळं पण स्टील-कास्टिंगच आहे आणि ते ३२ मिमीचं नाही. डिसेंबरात भोसरीत पहाटे बारा डिग्री आणि दुपारी तीस. त्यात रात्री दोनला अलार्मने मशीन अर्धा तास थांबलं आणि परत चालू केलं की थंड झालेल्या स्पिंडलचे पहिले काही पीस वेगळेच येतात. चालू असलेलं मशीन स्थिर असतं, थांबून सुरू झालेलं मशीन नसतं. म्हणून थांबण्याची कारणं कमी करणं हे क्वालिटीचंच काम आहे.

मग मोजणं. पैसे असतील तर मशीनबाहेर गेजिंग स्टेशन, पीस बाहेर आला की एअर गेज (हवेच्या दाबाने मोजणारं) किंवा एलव्हीडीटी प्रोबवर (विजेच्या सिग्नलने मोजणारा) मोजायचा आणि ऑफसेट परत मशीनला पाठवायचा. हे करताना एक पथ्य. प्रत्येक पीसच्या मापावरून ऑफसेट हलवायचा नाही. पीस तीन मायक्रॉन मोठा आला म्हणून तीन कापले, पुढचा दोन लहान आला म्हणून दोन वाढवले, असं केलं की पसारा कमी होण्याऐवजी वाढतो, कारण तुम्ही नैसर्गिक चढउताराच्या मागे धावताय. पाच पीसची सरासरी घ्या, टॉलरन्सच्या मधल्या पट्ट्यातून बाहेर गेली तरच, आणि फरकाच्या निम्मीच दुरुस्ती द्या. एका वेळची कमाल मर्यादा पण घाला, दहा मायक्रॉनपेक्षा जास्त मागितलं तर समजा गेजमध्ये चिप अडकलीय, मशीन थांबवा.

पैसे नसतील तर त्याहून स्वस्त उपाय. रात्रीचे पीस एका क्रेटमध्ये पडू देऊ नका. फिरतं टेबल किंवा कन्व्हेयरवर लाइनीने क्रेट लावा, दर तासाला क्रेट बदलला पाहिजे. सकाळी प्रत्येक क्रेटमधला पहिला आणि शेवटचा पीस मोजायचा. पाचच्या क्रेटमध्ये गडबड दिसली तर चारपर्यंतचा माल सुटला, २७० च्या जागी साठ-नव्वद पीस तपासायचे. एवढी एक गोष्ट केली तरी माझ्यासारखीचं रक्त आटायचं थांबेल.

आणि हो, थ्रेडवाली पिन कॅचरमधून दुसऱ्या पिनेवर आपटली की थ्रेडला डेंट. दिवसा हाताने ठेवता म्हणून दिसत नाही.

चाकणचा_एसक्यूए

ताईंना +१. कस्टमरच्या खुर्चीतून (एसक्यूए म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणारा) एक भर. बार फीडर लावला, रोबो लावला, गेजिंग बदललं, हे सगळं ४-एम (मॅन, मशीन, मटेरियल, मेथड) चेंज आहे. न सांगता केलं आणि नंतर ऑडिटमध्ये दिसलं तर कटकट होते. आधी सांगा, ट्रायल लॉट वेगळा टॅग लावून द्या, सीपीके (माप टॉलरन्समध्ये किती नीट बसतंय त्याचा आकडा) दाखवा. आम्हाला ऑटोमेशन आवडतंच, पण पीपीएपीमध्ये (पार्ट मंजुरीची कागदपत्रं) ऑपरेटर लोडिंग लिहिलंय आणि शॉपवर रोबो उभा आहे हे चालत नाही. कंट्रोल प्लॅनमध्ये "रात्री तपासणी कोण करतं" हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा.

हिशोबनीस

मी थोडा विरोधी पक्षात बसतो. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांसारखे पगार नाहीत. एका ऑपरेटरवर तीन-चार मशीन असतील तर प्रत्येक मशीनच्या वाट्याला येणारा रात्रीचा पगार फार नाही. त्याच्यासमोर रोबो, ग्रिपर, ऑटो दरवाजा, सेफ्टी फेन्सिंग, इंटिग्रेशन आणि ईएमआय. नुसता पगार वाचवायचा हिशोब केला तर बहुतेक छोट्या युनिटला तो जमत नाही, कोणी काहीही सांगो.

हिशोब जमतो तो वेगळ्या खात्यावर. आत्ता रात्री मशीन बंद आहे किंवा निम्मं चालतंय, त्या मशीनचा हप्ता मात्र चोवीस तास चालू आहे. ते तास विकले गेले तर पैसा. पण विकले जाणार का? शेड्यूल दीडपट आहे ते लेखी आहे का तोंडी? ओपन ऑर्डर आहे का? ऑटोमेशन एका पार्टला बांधून घेतलं आणि मॉडेल बंद पडलं तर ग्रिपरसकट बसाल.

अजून एक, वीज. पूर्वी इंडस्ट्रियल बिलात रात्री १० ते सकाळी ६ च्या युनिटला सवलत असायची, लोकांच्या जुन्या एक्सेलमध्ये अजून तीच बसलीय. महावितरणच्या नव्या टीओडी (वेळेनुसार दर) रचनेत सवलतीचा रोख दिवसाच्या सोलर तासांकडे आहे आणि संध्याकाळ महाग. ताजं बिल समोर ठेवून युनिट मांडा.

गाळा_नंबर_सात

@हिशोबनीस ऑर्डर पिनेची लेखी आहे, फ्लँजची तोंडी. हा मुद्दा मी कोबॉटवाल्याशी बोलताना डोक्यातच घेतला नव्हता कारण कोबॉट तो फ्लँजसाठीच सुचवत होता.

ब्लॅक_फॉरेस्ट_सातारकर

जर्मनीत आहे, स्टुटगार्टच्या दक्षिणेला, छोट्या प्रिसिजन शॉपमध्ये. इकडे रविवारी कामगाराला कामावर बोलवायला कायद्याने मनाई आहे, अपवाद सोडून. त्यामुळे शुक्रवारी दुपारी माणसं घरी जातात आणि मशीनवर पॅलेट, बार भरून ठेवतात, जेवढं चालेल तेवढं चालतं. सोमवारी सकाळी काही मशीन चालू असतात, काही शनिवारी पहाटेच थांबलेली असतात आणि त्याबद्दल कोणी रडत नाही. शनिवार पहाटेपर्यंत जे निघालं ते बोनस, असा दृष्टिकोन आहे. आपल्याकडे "चोवीस तास" म्हटलं की लगेच बोर्डवर १०० टक्के लिहितात आणि पहिल्या अलार्मला नाराज होतात.

दुसरं निरीक्षण, इकडे रात्रीला सगळ्यात कंटाळवाणा, सगळ्यात माहीत असलेला पार्ट लावतात. नवीन पार्ट, टाइट टॉलरन्स, अवघड मटेरियल, हे दिवसा. कितीही भारी सिस्टिम असली तरी.

हे काही नवीन नाही म्हणा. १९६० च्या दशकात लंडनमध्ये डेप्टफर्डला मोलिन्स कंपनीत थिओ विल्यमसन यांनी सिस्टिम २४ नावाची रचना मांडली होती, २४ म्हणजे चोवीस तास. दिवसपाळीत माणसांनी पॅलेटवर जॉब बांधून ठेवायचे आणि रात्री मशीननी ते एकट्याने कापायचे. कल्पना पक्की होती, पण त्या काळचे कॉम्प्युटर आणि खर्च यात व्यवहारात रुजली नाही. नंतर जपानने ते करून दाखवलं, फुजी पर्वताच्या पायथ्याशी ओशिनोला फॅनकच्या कारखान्यात रोबोच रोबो बनवतात. पण तिथलं बघून आपण भोसरीत ठरवू नये, त्यांच्याकडे पार्ट त्यांचाच, डिझाइन त्यांचंच, रोबोला पकडायला सोपं पडेल असा पार्टच ते काढू शकतात. जॉबवर्कवाल्याला ड्रॉइंग वरून येतं.

पाचवी_चहा

भारी चर्चा. वाचनखूण साठवली.

बर्डनेस्ट

फ्लँजवर बोलू थोडं, कारण कोबॉट तिथेच लावायचा होता.

४० सेकंदांची सायकल. कोबॉटच्या पुढचा ट्रे २०० पीसचा धरला तर सव्वादोन तासात रिकामा. म्हणजे रात्री माणूस सव्वादोन तासांनी ट्रे भरायला हवाच, मग तो माणूसच लोडिंग का नाही करणार? कमी सायकलच्या पार्टला रात्रभर चालवायचं तर मोठा स्टॉकर, कन्व्हेयर, रचून ठेवलेल्या थप्प्या, असलं काहीतरी लागतं आणि तिथे गॅन्ट्री लोडर जास्त शोभतो, वेग पण त्याला आहे. कोबॉट हळू चालतो, माणसाजवळ चालायचा म्हणून मुद्दाम हळू. आणि ग्रिपरमध्ये धारदार फोर्जिंग असेल तर नुसता कोबॉट सुरक्षित आहे म्हणून फेन्सिंग नको हे काही खरं नाही, सेफ्टी अख्ख्या सेलची बघतात.

त्यात फोर्जिंग. पार्टिंग लाइन, फ्लॅश (डायच्या जोडावर बाहेर आलेली कड), डाय झिजत जाते तसं माप सरकत जातं. माणूस हाताने फिरवून बसवतो, त्याला कळतं. ग्रिपरला कळत नाही. चकच्या जॉवर एक चिप राहिली तर पीस तिरका बसणार, तो टर्न होणार, दिसायला छान दिसणार, रनआउट (फिरताना डगमग) गेलेला. यावर उपाय म्हणजे जॉमध्ये एअर सीटिंग सेन्सर, पीस टेकला नाही तर हवेचा दाब बनत नाही, मशीन सुरूच होत नाही. कोटेशनमध्ये ते आहे का बघा.

गाळा_नंबर_सात

बघितलं. नाही.

कॉम्प्रेसर_काका

मशीनच्या बाहेरचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. रात्री सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या गोष्टी मशीनच्या बाहेर असतात. हवा : कॉम्प्रेसर ट्रिप झाला की प्रेशर उतरतं, ग्रिपरने पीस सोडला तर थेट चकवर. प्रेशर स्विच मशीनच्या इंटरलॉकला जोडा आणि ग्रिपरला चेक व्हॉल्व्ह. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी, ड्रायर नसेल तर सोलेनॉइड अडकतात. कूलंट : नऊ तासात पाणी उडतं, लेव्हल खाली जाते, पंप हवा ओढतो. ऑटो टॉप-अप लावा पण नुसतं पाणी टाकू नका, कॉन्सन्ट्रेशन पातळ होतं, मिक्सर घ्या आणि रोज रिफ्रॅक्टोमीटर बघा. चिप कन्व्हेयरची ट्रॉली : दिवसा कोणीतरी सहज ढकलून रिकामी करतो, रात्री भरून वाहते आणि कन्व्हेयर ओव्हरलोडला ट्रिप. पाचशे रुपयांच्या मोठ्या ट्रॉलीच्या चाकांनी वाचणाऱ्या रात्री आहेत ह्या.

आणि आग. पाण्याचं सोल्युबल कूलंट असेल तर धोका कमी. स्लायडिंग हेड लेथवर 'नीट' (पाणी न मिसळलेलं) कटिंग ऑइल वापरत असाल तर टूल तुटून घासलं की ठिणगी आणि आत तेलाचं धुकं. नीट ऑइलवर माणूस नसताना मशीन चालवायचं असेल तर आतमध्ये आपोआप सुटणारी फायर सप्रेशन सिस्टिम असल्याशिवाय नाही म्हणजे नाही. इन्शुरन्सवाल्याला पण कळवा की रात्री माणूस नाही, क्लेमच्या वेळी कळायला नको.

सेटर_तीन_मशीन

काकांचं एकदम बरोबर. भर म्हणून, लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. बार स्पिंडलमध्ये अर्धा, टूल जॉबमध्ये, अशा वेळी सकाळी माणसानेच हाताने मोकळं करायचं. रिस्टार्टचा मोह टाळा, थांबलं तर थांबलं.

हिशोबनीस

मोबाइलवर अलर्ट यायचा का नाही? आला तर मालक पहाटे तीनला उठून जाणार का हा कौटुंबिक प्रश्न आहे 😀

ब्लॅक_फॉरेस्ट_सातारकर

इकडे अलर्ट येतो पण सहसा कोणी जात नाही. कॅमेऱ्यात बघतात, आग-धूर नाही ना, मग झोपतात. अलार्मची यादी मात्र सोमवारी सगळे मिळून वाचतात आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण त्या आठवड्यात काढतात. तेवढंच पुरतं.

गाळा_नंबर_सात

सगळ्यांचे आभार, एवढं तर कोणी पैसे घेऊन पण सांगितलं नसतं. सेटरबरोबर बसून हे ठरवलंय, चुकत असेल तर सांगा.

कोबॉट आत्ता नाही. फ्लँज दिवसाच राहू दे, लेखी ऑर्डर आली तर गॅन्ट्रीचं बघू. पिनेला १२ टरेटच्या एकाच मशीनवर बार फीडर. त्याआधी पुढचा महिनाभर दुसऱ्या पाळीत दरवाजा बंद ठेवून वही लिहायची, सेटरने सुरुवात पण केली, पहिल्याच दिवशी अर्ध्याहून जास्त नोंदी "चिप ओढली" अशाच आहेत. रात्रीचा वेगळा प्रोग्राम, स्पीड १० टक्के कमी. काउंटर #५०० मध्ये. तासाला बदलणारे क्रेट, ते आमचा फॅब्रिकेटर करून देतोय. कस्टमरला ४-एमचा मेल टाकला. गुरुवारी भोसरीत लाइट-सुट्टी असते त्यामुळे बुधवारी रात्री सुरू करायचं नाही हे वडिलांनी सुचवलं, म्हणजे त्यांनी तत्त्वतः होकार दिला असं धरतोय.

सुरुवात पूर्ण रात्रीची नाही. दुसरी पाळी सुटल्यावर दोन बारच भरायचे, म्हणजे चार तास. ते स्थिर झालं की तिसरा बार.

शिरोलीचा_स्पिंडल

जमलं. दोन बार भरायचं लई आवडलं, थांबलं तरी पाचव्या बारचं दुःख न्हाई. बार सरळ हाईत का बघून घे, वाकडा बार फीडरमध्ये घुमाय लागला की सगळी मशीन हलतीय आणि तुझे २० मायक्रॉन तिथंच जातात. ब्राइट बार घेताना टोकाला चॅम्फर मारून माग, सप्लायर देतोय, किलोमागं थोडं जास्त लावतोय पण दे.

मायक्रॉनताई

पहिल्या आठवड्याचा डेटा इथे टाका प्लीज, तासवार. पहाटे चारनंतर माप कुठल्या बाजूला सरकतंय ते बघायचंय मला, टूल वेअरने व्यास वाढत जायला हवा आणि तापमानाने काय होतं ते तुमच्या मशीनवर अवलंबून. दोन्ही उलट दिशेला असतील तर नशीबवान आहात.

गाळा_नंबर_सात

टाकतो ताई. फीडरची डिलिव्हरी दिवाळीनंतर म्हणतायत. तोपर्यंत कोणाकडे ३२ च्या बारसाठी स्पिंडल लायनर (बार हलू नये म्हणून स्पिंडलच्या भोकात घालायची नळी) नायलॉनचा बरा की ॲल्युमिनियमचा याचा अनुभव असेल तर लिहा.

शिरोलीचा_स्पिंडल

नायलॉन, आवाज कमी. पण बारच्या व्यासाला लागूनच करून घे, ढिला नको.